कुंपणच शेत खाते तेव्हा : यकृतातील राखणदार पेशींविषयी



मागच्या गळीत हंगामात, जानेवारीच्या सुमारास, आपल्यापैकीच एका सभासदाला दवाखान्यात आणले होते. वय चाळिशीच्या आतबाहेर. पाच-सहा दिवस ताप, अंग मोडून आलेले, त्यात ऊसतोड आलेली, म्हणून घरी पडून राहायला सवड नाही. गावातल्या दुकानातून तापाच्या गोळ्या आणल्या आणि सकाळी दोन, दुपारी दोन, पुन्हा दोन असे करत दिवसाला दहा-बारा गोळ्या पोटात गेल्या. जेवण जवळजवळ बंद. संध्याकाळची सवय मात्र चालू. सहाव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे, उलट्या सुरू, आणि माणूस बोलताना अडखळू लागला. त्यांना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. ते वाचले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गाडीत बसताना त्यांच्या धाकट्या भावाने मला जे विचारले ते अजून डोक्यातून जात नाही. "डॉक्टर, ह्या गोळ्या आम्ही सगळेच खातो. दारूही काही हा एकटाच पीत नाही. मग यालाच का?"

त्या वेळी उत्तर द्यायला वेळ नव्हता आणि खरे सांगायचे तर ते उत्तर दोन वाक्यांत बसणारे नाही. त्यातला बराच भाग शास्त्रज्ञांनाही गेल्या तीस-पस्तीस वर्षांतच उलगडला, आणि काही भागावर त्यांचा तंटा अजून मिटलेला नाही. विषय थोडा अवघड आहे. पण ज्यांना उसाच्या जाती, रिकव्हरी आणि बिलाचा हिशेब कळतो त्यांना हा कळणार नाही असे मी मानत नाही.

काळजाची बांधणी

बोकडाचे काळीज आपण सर्वजण ओळखतो. माणसाचे तेच म्हणजे यकृत, दवाखान्यात ज्याला लिव्हर म्हणतात. उजव्या बरगड्यांच्या खाली असते, वजन सुमारे दीड किलो. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून वाहते. या रक्ताचे चारातले तीन हिस्से आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतात आणि उरलेला एक हिस्सा हृदयाकडून. म्हणजे आपण जे खातो, पितो, गिळतो ते बहुतेक सगळे अंगभर पसरण्याआधी यकृताच्या दारातून जाते. गोळी असो, दारू असो, की आतड्यातल्या जंतूंचा गाळ असो.

आत गेल्यावर हे रक्त कसे फिरते ते उसाच्या रानावरून नीट समजेल. यकृताच्या पेशी ओळींनी उभ्या असतात आणि दोन ओळींच्या मधून सरी जावी तशी रक्ताची बारीक वाट जाते. रक्त एका टोकाने शिरते, दोन्ही बाजूंच्या पेशींना भिजवत सावकाश पुढे सरकते आणि शेवटी मधल्या शिरेत उतरते. कालव्याच्या टेलला पाणी कमी पोचते, तसे या सरीच्या शेवटच्या टोकाला प्राणवायू कमी पोचतो. हे टेलचे टोक लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

आता या सरीच्या आतच, पाण्यात पाय सोडून बसावे तशा, वेगळ्या जातीच्या काही पेशी चिकटलेल्या असतात. त्या यकृताचे नेहमीचे काम करत नाहीत. पित्त बनवणे, साखर साठवणे हे त्यांच्याकडे नाही. त्यांचे काम राखणीचे. आतड्यातून निसटून आलेले जंतू, जंतूंच्या कवचाचे तुकडे, म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी, जे जे वाहत येईल ते पकडून गिळायचे. शरीरात ठिकठिकाणी ठाण मांडून बसलेल्या अशा भक्षक पेशींपैकी ८० टक्क्यांच्या वर एकट्या यकृतात असतात. यावरून या दारातून काय काय जात असेल याची कल्पना करावी.

या पेशींना कुप्फर पेशी म्हणतात. नावाची हकिगत थोडी मजेशीर आहे. कार्ल फॉन कुप्फर हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ १८७६ मध्ये यकृतातल्या मज्जातंतूंचा शोध घेत होते. सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या यकृताच्या कापात त्यांना चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. पण त्या दुसऱ्याच निघाल्या. आज आपण जाणतो की त्या बहुधा यकृतात चरबी साठवणाऱ्या आणि वेळप्रसंगी वण तयार करणाऱ्या पेशी होत्या. खऱ्या राखणदार पेशी कोणत्या हे १८९८ च्या सुमारास पोलंडमधील क्रॅको येथील टाडेउश ब्रोविच यांनी बरोबर ओळखले. नाव मात्र कुप्फर यांचे राहिले. सातबारावर एकाचे नाव आणि वहिवाट दुसऱ्याची, असे विज्ञानातही होते. वण करणारी ती चांदणीची पेशीसुद्धा पुढे पुन्हा भेटणार आहे.

कार्बन टेट्राक्लोराइडचा धडा

रसायनाने यकृत कसे बिघडते हे शिकण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी सर्वांत जास्त वापरलेले रसायन म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. जुन्या मंडळींच्या आठवणीतले आहे ते. पितळी पंपाची आग विझवण्याची नळकांडी असत त्यात हे भरलेले असे. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला हेच वापरत. गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून ईडीसीटी नावाच्या मिश्रणाची धुरी देत, त्यात तीन भाग इथिलीन डायक्लोराइड आणि एक भाग हे असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रिअल करारानुसार आपल्यासारख्या देशांत २०१० पासून असे वापर बंद करायचे ठरले.

हे रसायन जसेच्या तसे फारसे काही करीत नाही. यकृतच त्याला विष बनवते. यकृताच्या पेशीत परक्या द्रव्यांची मोडतोड करणारी पाचके असतात, त्यांतल्या एकाचे नाव सीवायपी टू-ई-वन. ते या रसायनातला क्लोरीनचा एक अणू तोडते आणि उरलेला तुकडा पिसाळल्यासारखा होतो. पेशीच्या कवचातल्या चरबीला तो चावत सुटतो आणि एकाला लागलेली आग शेजाऱ्याला लागत जाते. ज्या उंदरांच्या शरीरात हे पाचक मुळातच नाही त्यांना या रसायनाने यकृताची इजा होत नाही, असे १९९८ मध्ये सिद्ध झाले. हे पाचक सर्वांत जास्त असते ते सरीच्या टेलच्या टोकाला, म्हणून नुकसानही तिथूनच सुरू होते. आणखी एक गोष्ट. रोजच्या दारूने हे पाचक वाढते. कार्बन टेट्राक्लोराइडची बाधा झालेल्या कामगारांत पिणारे लोक जास्त वाईट अवस्थेत येतात हे डॉक्टरांनी फार पूर्वीच टिपून ठेवले होते.

इथपर्यंतचा हिशेब सोपा होता. रसायन आले, यकृताने त्याचे विष केले, पेशी मेल्या. पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तके इथेच थांबत.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल येथील विद्यापीठात रोनाल्ड थर्मन यांची प्रयोगशाळा होती. तिथल्या मंडळींनी १९९३ मध्ये निराळा प्रश्न विचारला. सरीत बसलेला राखणदार या वेळी काय करीत असतो? प्रयोगाची मांडणी आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखीच होती. काही उंदरांना आधी गॅडोलिनियम क्लोराइड नावाचा क्षार टोचला. रक्तात गेल्यावर त्याचे बारीक कण होतात, राखणदार ते गिळतो आणि निकामी होतो. बाकीच्या उंदरांचे राखणदार शाबूत ठेवले. मग दोन्ही गटांना सारखेच कार्बन टेट्राक्लोराइड दिले.

अपेक्षा कोणाचीही अशी असेल की राखण नसलेल्या यकृताचे जास्त नुकसान व्हावे. झाले उलटे. ज्यांचे राखणदार निकामी केले होते त्यांच्या यकृताची इजा कितीतरी कमी निघाली.

म्हणजे रसायनाने पेशी मारल्या हे खरे, पण सगळ्या त्यानेच मारल्या नव्हत्या. आग लागली म्हणून राखणदार ओरडला, धावला, हाती लागेल ते फेकू लागला आणि त्यात शेजारचा उभा ऊसही तुडवला गेला. राखणदार पेशी चवताळली की ती जहाल प्राणवायूचे कण सोडते आणि काही निरोप पाठवते. त्यांपैकी टीएनएफ नावाचा निरोप महत्त्वाचा. तो ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि मोडतोडीत सामील होतात. कुंपणच शेत खाते म्हणतात ते असे.

दारूचा प्लॉट

आता आपल्याशी थेट संबंध असलेले रसायन घेऊ. मोलॅसिस आंबवून डिस्टिलरीत जो स्पिरिट निघतो त्याचे मुख्य द्रव्य इथाइल अल्कोहोल, आणि बाटलीतली असो वा हातभट्टीची, दारूचेही मुख्य द्रव्य तेच. हल्ली डिस्टिलऱ्यांतले पुष्कळसे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायला जाते, ते एका परीने बरेच आहे.

थर्मन यांच्याच प्रयोगशाळेने १९९४ मध्ये उंदरांच्या जठरात नळीने सतत चार आठवडे अल्कोहोल सोडले. उंदीर आपणहून फार पीत नाही, त्या बाबतीत तो माणसापेक्षा शहाणा आहे, म्हणून नळी. चार आठवड्यांत यकृतात चरबी साठली, सूज आली, पेशी मरू लागल्या. दुसऱ्या गटालाही तेवढेच अल्कोहोल दिले, पण आठवड्यातून दोनदा गॅडोलिनियम टोचून राखणदारांना गप्प बसवले. त्या गटातली इजा जवळजवळ टळली. अल्कोहोल तेवढेच, उंदीर तसेच, फरक फक्त राखणदाराचा.

मग प्रश्न आला, दारू आतड्यात आणि यकृतात, पण राखणदाराला चिथावतो कोण? १९९५ मध्ये त्याचेही उत्तर मिळाले. या वेळी राखणदारांना हात लावला नाही. पॉलिमिक्सिन-बी आणि निओमायसिन ही प्रतिजैविके देऊन आतड्यातले जंतू मारून टाकले. तरीही यकृताची इजा टळली! यावरून साखळी अशी जुळली. दारूमुळे आतड्याचे अस्तर सैल पडते, म्हणजे बांधाला भगदाड पडते. जंतूंच्या कवचाचे तुकडे तिथून पाझरून मोठ्या शिरेने थेट यकृतात येतात. राखणदाराला ते शत्रूचे निशाण वाटते आणि तो चवताळतो. रोज पिणाऱ्याच्या यकृतात हे रोज घडते. १९९७ मध्ये टीएनएफचा निरोपच मध्ये अडवणारी प्रतिद्रव्ये दिली तेव्हाही उंदरांची इजा कमी झाली. माद्यांच्या यकृतात हे सर्व अधिक लवकर आणि अधिक जोराने होते, हेही याच काळात दिसले.

(इथे एक सूचना. हे वाचून कोणी दुकानातून प्रतिजैविके आणून दारूबरोबर घेऊ नयेत. हा विनोद नाही. असा प्रश्न मला एका गट सभेत खरोखर विचारला गेला आहे.)

उंदरावर साधले, माणसावर उलटले

एवढे समजल्यावर कोणालाही वाटेल की उपाय हाती आला. चवताळलेल्या राखणदाराचा निरोप तोडायचा, की झाले. औषधेही तयार होती. टीएनएफ अडवणारी इंजेक्शने संधिवातासाठी वापरात आली होती. दारूने यकृत सुजून मरणाच्या दारात गेलेल्या माणसांवर ती वापरून पाहण्याचे ठरले.

फ्रान्समध्ये ३६ रोग्यांची चाचणी झाली, तिचा निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे स्टिरॉइड सर्वांनाच दिले होते. निम्म्यांना त्याशिवाय इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे औषध दिले. दोन महिन्यांत औषध मिळालेल्या गटात ७ आणि न मिळालेल्या गटात ३ मृत्यू झाले. जंतुसंसर्ग इतका वाढला की चाचणी मध्येच बंद करावी लागली. अमेरिकेत त्याच धर्तीचे एटानरसेप्ट हे औषध ४८ रोग्यांवर पाहिले गेले, निकाल २००८ मध्ये आला. सहा महिन्यांच्या शेवटी औषध मिळालेल्यांतले निम्म्याहून अधिक दगावले होते, न मिळालेल्यांतले चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

असे का झाले? राखणदार शेत तुडवतो हे खरे, पण तो दारही राखतो. मरणासन्न रोग्याच्या आतड्याचा बांध फुटलेला असतो, जंतूंची धार लागलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण राखणदाराचे तोंड बांधले. दुसरेही एक कारण संभवते. यकृताची पुन्हा वाढ होण्याचा पहिला इशारासुद्धा टीएनएफच देतो. उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला तरी आठ-दहा दिवसांत त्याचे वजन पूर्ववत होते, हे १९३१ पासून माहीत आहे. खोडव्यासारखेच म्हणा ना. फरक इतकाच की कापलेला भाग तिथून पुन्हा फुटत नाही, राहिलेला भाग मोठा होऊन ती जागा भरून काढतो. सिएटल येथील नेल्सन फाउस्टो यांच्या गटाने १९९७-९८ मध्ये दाखवले की टीएनएफचा निरोप ऐकू न येणाऱ्या उंदरांत ही वाढ रेंगाळते, कापल्यानंतरही आणि कार्बन टेट्राक्लोराइडच्या इजेनंतरही.

उंदरांचे प्रयोग चुकीचे नव्हते, हे लक्षात घ्यावे. त्यांत राखणदाराला इजा सुरू होण्याआधीपासून गप्प बसवले होते. रोग्यांना औषध मिळाले ते सगळे रान पेटल्यावर.

गोळीचा तंटा

आता त्या सभासदाच्या गोळीकडे येऊ. तापाची ती गोळी म्हणजे पॅरासिटॅमॉल. योग्य प्रमाणात घेतली तर ती सुरक्षित गोळ्यांपैकी एक आहे, उगाच भिण्याचे कारण नाही. गोळीचा बराचसा भाग यकृत सहज बाहेर टाकते. थोड्या भागाचे मात्र तेच सीवायपी टू-ई-वन आणि त्याचे भाऊबंद एक जहाल द्रव्य बनवतात. त्याला बांधून ठेवायला यकृतात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य साठवलेले असते. विष आणि बंदोबस्त यांचा तोल राहिला तर काही होत नाही. गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथायोनचे कोठार रिकामे होते, आणि मोकळे सुटलेले जहाल द्रव्य टेलच्या पेशींपासून मारायला लागते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९७३ मध्ये हे सर्व उलगडले. त्यावरूनच एन-अॅसिटिल सिस्टीन हा उतारा सापडला. तो ग्लुटाथायोनचे कोठार पुन्हा भरतो. पण एकदम जास्त गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत दिला तर त्याचा गुण सर्वांत चांगला.

पहिली इजा रसायनाची. पुढे राखणदार काय करतो? इथे खरा तंटा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतच उंदरांवर गॅडोलिनियमचा प्रयोग झाला आणि पॅरासिटॅमॉलची इजा कमी झाली. सर्वांना वाटले, चला, इथेही कुंपणानेच शेत खाल्ले. २००२ मध्ये लान्स पोल यांच्या गटाने दुसरी युक्ती वापरली. चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत क्लोड्रोनेट हे औषध भरून ते लहान जातीच्या उंदरांना टोचले. राखणदार फुगा गिळतो आणि मरतो. गॅडोलिनियमने तो नुसता निकामी होतो, यात जवळजवळ नाहीसाच होतो. आणि निकाल नेमका उलट आला. राखणदार नसलेल्या उंदरांचे यकृत पॅरासिटॅमॉलने जास्त बिघडले. चौकशीअंती दिसले की राखणदार पेशी भडकवणारे निरोप पाठवते तसे आग शांत करणारेही पाठवते. इंटरल्युकिन-१० हा त्यांतला एक. राखणदार गेला की तो पाणी मारणाराही गेला. शिवाय गॅडोलिनियम राखणदाराखेरीज यकृताच्या इतर कामांतही ढवळाढवळ करते असे पुढे आढळून आल्याने जुन्या प्रयोगांचा अर्थ जपून लावावा लागतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे प्रयोग खरे आहेत आणि प्रश्नच अपुरा होता. राखणदार चांगला की वाईट असे विचारून चालत नाही. कोणत्या रसायनाच्या वेळी, कोणत्या टप्प्यावर, हे विचारले पाहिजे.

वणाची गोष्ट

याचा उत्तम पुरावा स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे २००५ मध्ये मिळाला. जॉन आयर्डेल यांच्या गटाने असे उंदीर घेतले की त्यांच्या भक्षक पेशी घटसर्पाच्या विषाने हव्या त्या दिवशी मारता येतील. (साध्या उंदराला ते विष बाधत नाही.) कार्बन टेट्राक्लोराइड पुन्हा पुन्हा देऊन त्यांच्या यकृतात वण तयार केले. वण म्हणजे मेलेल्या पेशींच्या जागी आलेला चिवट तंतूंचा गुंता. तो तयार करते ती मघाची चांदणीच्या आकाराची पेशी, आणि तिला कामाला लावणारा निरोप येतो भक्षक पेशींकडून. हा गुंता सगळीकडे पसरला, यकृत कडक आणि गाठाळ झाले की त्यालाच सिरॉसिस म्हणतात. पोटात पाणी होणे, रक्ताच्या उलट्या होणे हे सर्व त्याच्या पुढचे.

एका गटात रसायन चालू असतानाच भक्षक पेशी मारल्या. वण कमी झाले. दुसऱ्या गटात आधी रसायन बंद केले, यकृत सुधारू लागले, आणि मग भक्षक पेशी मारल्या. तर सुधारणा अडली. वणाचे तंतू विरघळवून साफ करणाऱ्या त्याच पेशी होत्या! मार चालू असताना वण वाढवणारा आणि मार थांबल्यावर तोच वण खणून काढणारा, गडी एकाच जातीचे. पुढे २०१२ मध्ये याच शहरात दिसले की वण साफ करणाऱ्या पेशी बाहेरून निराळ्या येत नाहीत. आधी भडकलेल्या पेशीच मेलेल्या पेशींचा कचरा गिळता गिळता पालटतात आणि साफसफाईला लागतात.

ही विद्या माणसांपर्यंत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. एडिंबरा येथेच सिरॉसिसच्या ९ रोग्यांना त्यांच्याच रक्तातून वाढवलेल्या भक्षक पेशी परत टोचल्या गेल्या आणि त्या सुरक्षित ठरल्या, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्या चाचणीत पाहायचे होते ते एवढेच, की अपाय होत नाही ना.

मग यालाच का?

धाकट्या भावाचा प्रश्न आता परत घेऊ. त्या सभासदाच्या बाबतीत चार गोष्टी एका आठवड्यात एकत्र आल्या होत्या. गोळ्या प्रमाणाबाहेर. रोजच्या दारूने विष बनवणारे पाचक वाढलेले. उपासाने ग्लुटाथायोनचे कोठार आधीच अर्धे. आणि दारूनेच आतड्याचा बांध सैल केलेला, त्यामुळे यकृतातले राखणदार आधीपासून चिडलेले. गावातल्या इतरांत यांपैकी एखाद-दुसरी असेल. कोणाचा वाटा किती, हे एका माणसात मोजून सांगता येत नाही. पण गोळी तीच असून एकाचे यकृत का जाते आणि दुसऱ्याचे का टिकते, त्याचे कारण या चौघांच्या हिशेबात आहे.

आता नेहमी येणारे काही प्रश्न. पॅरासिटॅमॉल किती चालते? धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ६५०च्या ६. हा कमाल आकडा आहे, रोजचा रतीब नव्हे. रोज पिणाऱ्याने, जेवण सुटलेल्याने, कावीळ झालेल्याने याच्या बरेच खाली राहायचे आणि विचारूनच घ्यायची. सर्दी-अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटॅमॉलच असते. नाव वेगळे म्हणून दोन्ही घेतल्या की आकडा दुप्पट होतो, आणि घरोघर चुकते ते इथेच.

"लिव्हरचे टॉनिक घेत घेत प्यायले तर?" हा दुसरा. वरचे सगळे वाचल्यावर आपणच विचार करावा. राखणदाराला भडकवूनही चालत नाही, गप्प करूनही चालत नाही, हे जिथे चाचण्यांत रोग्यांचे जीव जाऊन कळले, तिथे बाटलीवरच्या चित्राने काय होणार? मार थांबवला तर मात्र यकृत स्वतःच कामाला लागते. दारूने साठलेली नुसती चरबी पिणे पूर्ण सोडल्यावर काही आठवड्यांतच ओसरू लागते. वण धरलेले यकृतही काही अंशी सुधारते, पण वण फार जुने आणि जाड झाले की ते काम अवघड होत जाते. म्हणून "आता काय, व्हायचे ते झाले" असे म्हणून पुन्हा बाटलीकडे वळणाऱ्यांना सांगणे आहे, की आतला गडी अजून खणायला उभा असतो. त्याला मोकळीक तर द्या.

तणनाशके आणि फवारणीची औषधे यांचे काय, असेही काहींनी विचारले आहे. त्यांपैकी काहींचा मुख्य मारा मज्जातंतूंवर असतो, काहींचा फुप्फुसावर. तो विषय निराळा असल्याने त्यावर स्वतंत्र लिहीन.

एक व्यवहाराची गोष्ट. चुकून किंवा रागाच्या भरात कोणी जास्त गोळ्या घेतल्या तर पहिल्या दिवशी तो माणूस चांगला चालता-बोलता असतो, फार तर मळमळते. त्याला बरे वाटते म्हणून घरी ठेवू नये, कावीळ दिसायची वाट पाहू नये. उताऱ्याचे आठ तास त्याच दिवसात निघून जातात. आपल्या दवाखान्यात आणले तर पुढे पाठवण्याची व्यवस्था रात्रीही केली जाते. येताना गोळ्यांची रिकामी पाकिटे, दुकानाची चिठ्ठी असेल तर ती, आणि पहिली गोळी किती वाजता घेतली हे ज्याला ठाऊक असेल तो माणूस, एवढे बरोबर आणावे.

वैद्यकीय अधिकारी, कारखाना दवाखाना